बकऱ्याचं नव्हतं ते हाड

"अम्मा, ये बकरे की नहीं है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ये इनकी अपनी हड्डी है."

हैदराबादच्या मोठ्या कॅन्सरच्या दवाखान्यात, जबड्याच्या खोलीत, आमचे हे खुर्चीवर आ करून बसले होते. आ म्हणजे काय, दोन बोटं जातील एवढाच. मी नुकतंच डॉक्टरीणबाईंना तोऱ्यात सांगितलं होतं, की ह्या माणसानं देवीचा नवस मोडून मटण खाल्लं, त्याचं हाड हिरडीत रुतलं, आन् दोन महिने झाले ते काही निघून नाही राह्यलं.

"अपनी मतलब?" मी विचारलं.

"जबडे की."

मी ह्यांच्याकडे पाह्यलं, ह्यांनी माझ्याकडे. ज्याच्यावरून आमच्या घरात महाभारत झालं, तो बकरा बिचारा निर्दोष निघाला होता.

मंग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मधेच कुठंतरी अडकली. शेवटी त्यांनी कागदावर लिहून तुकडे पाडून दिले. ऑस्टिओ म्हणजे हाड. रेडिओ म्हणजे ते किरण, ज्याला आपल्याकडं सगळे शेक म्हणतात. नेक्रोसिस म्हणजे मरणं. शेकानं कॅन्सर मरतो, पण कधी कधी जबड्याचं हाडही मरते, तेही शेक संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी.

हे सगळं मी सांगून राह्यली आन् माझी पोरगी रेखा लिहून राह्यली. तिनं माझी भाषा थोडी धुऊन घेतली आहे, तरी डाग राह्यले असतील. तुमच्या घरात कोणाला तोंडाला, गळ्याला शेक दिला असेल त हे वाचा. आमच्यासारखा येडेपणा करू नका, म्हणून सांगून राह्यली.

आमी बाजारहत्नूरचे, तेलंगणातल्या आदिलाबादकडचे. वांगी, टमाटे, मेथी लावतो आन् आठवडी बाजारात नेऊन विकतो. लावायचं काम माझं, विकायचं ह्यांचं. ह्यांची हाळी सगळ्या बाजाराला ठाऊक. "आलेऽऽ वांगेऽऽ, काट्याचे वांगेऽऽ!" म्हणून एकदा ओरडले की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची बाई थांबून वळून पाहे. ह्या गड्याला देवानं दुसरं काही दिलं नाही, पण तोंड दिलं. आन् त्याच तोंडात त्यानं वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबला.

तेलंगण नवं राज्य झालं त्या उन्हाळ्यात ह्यांच्या उजव्या गालाच्या आतून कॅन्सर काढला. मंग सहा आठवडे शेक, रविवार सोडून रोज. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवायचे, ह्यांना मशीनखाली झोपवायचे, आन् आमी सगळ्यांनी बाहेर बसायचं. खर्रा ऑपरेशन झालं त्या दिवशी सुटला तो सुटला. शेक संपला तेव्हा आमच्या हातात एक कागद दिला. त्याच्यावर काय पाळायचं ते सगळं छापलं होतं, इंग्रजीत आन् तेलुगूत. नर्सनं तोंडीही सांगितलं होतं म्हणे. पण घरी जायच्या आनंदात आमचे दोघांचे कान बसस्टँडवर जाऊन बसले होते.

तो कागद मी जिवापाड जपला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, हळदकुंकू लावलं आन् देव्हाऱ्यात ठेवला. रोज त्याला उदबत्ती ओवाळली. वाचला मात्र कोणीच नाही. रेखा तेव्हा वसतिगृहात शिकायला होती, आन् आमाला बोललेलं तेलुगू समजते, छापलेलं नाही.

आता नवसाचं सांगते. गावाच्या शिवेवर लिंबाखाली आमची पोचम्मा देवी आहे. शेक चालू असतानाच मी तिला बोलली, "माय, पाच वर्षांनी डॉक्टर म्हनले, आता हा मानूस सुटला, की तुले बोकड देईन. तवर आमच्या घरातलं कोनी मटनाले तोंड लावनार नाई. आधी तुझं, मंग आमचं." आमच्याकडं ही रीतच आहे. देवीच्या आधी खाल्लं त तिला उष्टं दिल्यासारखं होते. हे मटणाचे भारी शौकीन, पण मुकाट्यानं मान हलवली. दोन वर्षं पाळलंही.

मंग आला तो दसरा. त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. माझी थोरली नणंद, गंगाबाई, निर्मलला दिलेली. तिचं निर्मल आता जिल्ह्याचं गाव झालं. बाईला एवढा आनंद झाला, जशी काय तीच कलेक्टर झाली. भावाला फोन केला, "देवराव, ये जेवाले. माह्या जिल्ह्यात ये." मला कापसाच्या वेचणीला जायचं होतं. हे एकटेच गेले.

तिथं काय झालं ते मला दोन महिन्यांनी कळलं, पण तुमाला आताच सांगते. गंगाबाईनं ताटात मटण वाढलं. हे नको नको म्हणाले, नवस आहे म्हणाले. त्यावर माझी नणंद काय म्हणाली माहीत आहे? "अरे, तुमची पोचम्मा राह्यली आदिलाबाद जिल्ह्यात. हा निर्मल जिल्हा हाये. इथं तिचं काय चालते?"

आन् आमच्या शहाण्याला ते पटलं! पन्नाशीचा माणूस, बाजारात भल्याभल्यांना हरवतो, पण समोर मटण दिसल्यावर त्याला देवीची हद्द समजली. तिसऱ्याच घासाला उजव्या बाजूची दाढ हातात आली. ती आधीपासून हलतच होती. हे म्हणतात, मला वाटलं देवीनं निर्मलपर्यंत हात लांबवला. दाढ त्यांनी खिशात टाकली आन् जेवण मात्र पुरं केलं.

घरी आल्यावर मला सांगितलं, मक्याचं कणीस खाताना दाढ पडली. मी म्हनलं, जाऊ द्या, हलतच होती, बरं झालं.

आता इथं नीट ऐका. दाढ पडते, खड्डा पडतो, पंधरा दिवसांत भरून येते. ह्यांचा खड्डा भरलाच नाही. हे डावीकडून चावायला लागले. भाकर दुधात कुस्करून मागायला लागले. मिठाच्या पाण्यानं दिवसातून दहा वेळा चूळ भरायचे. तोंडाला वास यायला लागला. हाळी मारताना गालावर हात धरायचे. मी विचारलं की म्हणायचे, "काई नाई, थंडीचं हाये."

मला वाटलं, गडी पुन्हा खर्रा खाऊन राह्यला. मी ह्यांचे खिसे तपासले, बैलांची गव्हाण तपासली, कडब्याच्या गंजीत हात घातला. खर्रा नाही सापडला. दाढ सापडली, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात. पडलेली दाढ कोणी दोन महिने जपून ठेवते का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. मी पाळत ठेवली.

एका सकाळी हे गोठ्यामागं उन्हात तोंड करून उभे. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात पायातला काटा काढायचा चिमटा. मी मागून गेली आन् म्हनलं, "आ करा."

उजवीकडं, दाढ पडली तिथं, हिरडीतून पांढरं, टणक काहीतरी डोकावून राह्यलं होतं. तांदळाच्या चार दाण्यांएवढं. बोट लावलं त खरखरीत.

"हे हाड हाये," मी म्हनलं. "कायचं हाये?"

ह्यांनी मान खाली घातली. मंग सगळं बाहेर आलं, निर्मल, गंगाबाई, जिल्ह्याची हद्द, तीन घास. म्हणजे तीन घास कबूल केले, पुढचं ताट नंतर कबूल केलं. ह्यांना स्वतःलाच वाटत होतं, की बकऱ्याच्या हाडाचा तुकडा खड्ड्यात शिरून रुतला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ह्याचं त चक्क बाहेर आलं होतं!

मी काय काय बोलली ते रेखा लिहीत नाही म्हणते. तीन दिवस मी ह्यांच्याशी बोलली नाही. गंगाबाईला फोन करून बोलली, भरपूर बोलली. पोचम्माला नारळ फोडून माफी मागितली. मंग तोच चिमटा उकळून घेतला, ह्यांना ओट्यावर बसवलं आन् ते हाड उपटायला गेली. ह्यांनी अशी बोंब ठोकली की शेजारची माणसं धावून आली. रक्त आलं, हाड तसूभर हललं नाही. मला वाटलं, देवीनंच धरून ठेवलं आहे.

हे कधीही करू नका. मी केलं, म्हणून सांगते.

मंडलाच्या, म्हणजे आमच्या छोट्या तालुक्याच्या, सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बॅटरी लावून ते पाह्यलं. त्यानं एकच विचारलं, "इथं शेक दिला होता का?" आमी हो म्हनलं, त त्यानं हातातलं सगळं बाजूला ठेवलं आन् चिठ्ठी लिहिली. उद्याच हैदराबादला जा म्हणाला.

हैदराबादला खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "जिल्हा?" मी म्हनलं, "आदिलाबाद." तो म्हणाला, "आता चार झालेत. नवा का जुना?" मी म्हनलं, "गाव होतं तिथंच आहे बाबा, आमी कुठं नाही गेलो." त्याच्या कॉम्प्युटरला ते पटेना. ह्यांची जुनी फाईल सापडेपर्यंत दुपार झाली. बाकड्यावर आमच्यासारखेच बसलेले, कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या गळ्यावर पट्टी. एक म्हातारी बिस्कीट पाण्यात बुडवून नवऱ्याला भरवून राह्यली होती. तिनं मलाही एक दिलं. मंग तेलुगूत मानानं हाक आली, "देवराव गारू!" आन् आमी आत गेलो. पुढचं तुमी वर वाचलंच.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते असं. शेकानं जबड्यातल्या रक्ताच्या बारीक नळ्या आटून जातात. शेताला पाट येते, पण पाटाला पाणी नाही, तसं. वरून सगळं ठीक दिसते. पण दाढ निघाली की जखम होते, जखम भरायला रक्त लागते, रक्त त येतच नाही. मंग हाड उघडं पडते आन् मरते. म्हणून शेक घेतलेल्या माणसानं विचारल्याशिवाय दाढ काढायची नाही, आपोआप पडली तरी लगेच येऊन दाखवायचं.

"कागज में लिखा था ना?" त्या म्हणाल्या.

मी पिशवीतून कागद काढला. हळदीनं पिवळा, कुंकवानं लाल, उदबत्तीच्या राखेनं काळा. त्यांनी तो दोन बोटांत धरून पाह्यला. तिसऱ्या ओळीत तेच छापलं होतं.

मंग त्यांनी विचारलं, दोन महिने काऊन थांबले? लवकर आले असते त सोपं होतं.

ह्यांनी हळूच बोट माझ्याकडं केलं. म्हणाले, "बीवी का डर, मॅडम. मटन खाया था."

डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांच्या हाताखालच्या दोन पोरी हसल्या, हेही अर्ध्या तोंडानं हसले. मी नाही हसली. मी भिंतीकडं तोंड करून रडली. ह्या माणसाला वाचवायला मी नवस बोलली, आन् त्याच नवसाच्या भीतीनं तो दोन महिने हाड लपवून बसला. कॅन्सरला नाही भ्याला एवढा मला भ्याला. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

खरी भीती त पुढंच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मेलेलं हाडच आहे असं दिसते, पण कॅन्सर परत आला नाही ना, हे पाहावं लागेल. ओपीजी नावाचा एक्स-रे काढला, त्यात मशीन डोक्याभोवती फिरते आन् सगळा जबडा एका पट्टीवर येतो. बायोप्सी केली, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी या म्हणाल्या. आन् हेही सांगून ठेवलं, की जबडा आतून फार गेला असेल त तेवढा कापावा लागेल. त्या जागी पायाचं फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बारीक हाड, काढून बसवता येते.

त्या दहा दिवसांत घरात कोणी भांडलं नाही, म्हणून घर घरासारखं वाटेना. हे पोटरी चाचपत बसायचे. एकदा म्हणाले, "पायाचं हाड तोंडात बसवलं त हाळी निघन का वं?" मी म्हनलं, "निघन. नाई निघाली त मी मारीन." त्या आठवड्यात बाजारात मीच बसली आन् मीच ओरडली. माझी हाळी म्हणजे कोणाची म्हैस हरवली आहे असं वाटे. लोक वांगी घेण्याऐवजी काय झालं म्हणून विचारायचे. मी सांगायची आन् पदर तोंडाला लावायची.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आन् मान वर केली. "कॅन्सर नहीं है." पुढं त्या बरंच बोलल्या, मला ऐकूच आलं नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले आन् सोडलेच नाहीत. शेवटी त्याच म्हणाल्या, "अम्मा, लिखना है."

जबडा कापायची पाळी आली नाही. औषधं दिली, पू होऊ नये म्हणून एक, आटलेल्या नळ्यांतून रक्त धावावं म्हणून एक, आन् व्हिटॅमिन ई. दिवसातून चारदा औषधाच्या पाण्यानं चूळ. मेलेला तुकडा जिवंत हाडापासून आपोआप सुटतो, त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. तो सैल होईपर्यंत तीन महिने वाट पाह्यली. मंग डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन तो काढला, कडा घासल्या आन् वरून हिरडी शिवली. तुकडा बाटलीत घालून दाखवला. चिमट्यात धरून मी ज्याला हरामखोर म्हनलं होतं, तो माझ्या नवऱ्याचाच जबडा होता.

जबडा राह्यला, पण तोंड उघडेना. ह्याला ट्रिसमस म्हणतात, शेकानं जबड्याचे स्नायू कडक होतात. त्याला व्यायाम असा, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक दातांत धरायच्या आन् जमेल तशी एक-एक वाढवायची. मी बाजारातल्या कुल्फीवाल्याकडून काड्या मागून आणल्या, उकळून घेतल्या. पहिल्या दिवशी दहा मावल्या. अकरावीला ह्यांनी मला शिव्या दिल्या, त्या काड्यांमुळं समजल्या नाहीत. मी म्हनलं, "काय म्हनता? नीट तोंड उघडून सांगा." अशा रागारागानं चार महिन्यांत वीस काड्यांवर गेलो.

आन् खायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरायला अंडी द्या, डाळ द्या, मटणाचं पातळ सूप द्या. आता आली का पंचाईत!

मी पोचम्माकडं गेली. लिंबाखाली बसली आन् म्हनलं, "माय, नवस मी बोलली, त्यानं नाई. त्याले मी इचारलंबी नाई. मंग मी एकटी पाळते, त्याले खाऊ दे. आन् तुले राग आला त माह्यावर काढ, त्याच्या तोंडावर नको." लिंबोळी पडली एक, पण ते लिंबोळ्यांचे दिवसच होते.

त्या दिवसापासून मी ह्यांच्यासाठी मटण शिजवलं आन् स्वतः शिवलं नाही. वास नाकात जाई, तोंडाला पाणी सुटे, खोटं काऊन बोलू? सूप गाळून, हाताची पाची बोटं फिरवून हाड नाही ना हे पाहून मंगच वाटी पुढं करायची. हे पिताना माझ्याकडं पाहायचे नाहीत. एकदा म्हणाले, "तूबी घे वं." मी म्हनलं, "गप प्या, नाईतर काड्या घालीन."

पाच वर्षं पुरी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वर्षातून एकदा आलं तरी चालते. आमी पोचम्माला बोकड दिला. लिंबाखाली पंगत बसली. गंगाबाईही आली होती, परजिल्ह्यातून. मी म्हनलं, "बाई, आज बिनधास्त जेवा, हद्दीतच हाओ." ती हसली, मंग डोळे पुसले, म्हणाली, "सुमन, तेव्हा मी वाढलं नसतं त..." मी तिच्या ताटात अजून वाढलं. दाढ हलतच होती, ती कणसानंही पडली असती. चूक वाढण्याची नव्हती, लपवण्याची होती, आन् लपवायला मी लावलं होतं.

म्हणून तुमाला माझं एवढंच सांगणं. कागद देव्हाऱ्यात ठेवा, पण आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. तोंडात पांढरं, टणक दिसलं त आपल्या हातानं काही करू नका. आन् घरात आजारी माणूस असेल त त्यानं काहीही खाल्लं, काहीही केलं, तरी त्याला सांगायला भीती वाटेल असं वागू नका. त्या डॉक्टरीणबाईंना, त्या तरुण डॉक्टरला आन् बिस्कीट देणाऱ्या म्हातारीला माझा हात जोडून नमस्कार आहे.

तर पंगत चालली होती. पहिला तुकडा माझ्या हातात होता, पाच वर्षांतला पहिला. तेवढ्यात समोर ह्यांचं चावणं थांबलं. हात गालावर गेला. उजव्या गालावर. माझा हात तिथंच राह्यला, गंगाबाईचा घास तिथंच राह्यला. ह्यांनी दोन बोटं तोंडात घातली आन् काहीतरी काढलं. पांढरं, टणक. धोतराला पुसलं, उन्हात धरलं, इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं.

मंग गडी उठून उभा राह्यला, तोंड उघडलं, पुरी तीन बोटं जातील एवढं, आन् पाच वर्षांपूर्वीच्या आवाजात हाळी मारली,

"आलंऽऽ हाडऽऽ आलंऽऽ! बकऱ्याचं हाये होऽऽ, माह्यं नाईऽऽ!"

सडकेवरून जाणाऱ्या ऑटोवाल्यानं गाडी थांबवली आन् ओरडून विचारलं, "काय किलो?"

सगळी पंगत हसली. मी हसता हसता रडली, आन् हातातला तुकडा तोंडात घातला. आधी बोटानं चाचपून पाह्यलं मात्र.